पृथ्वी मोजता मोजता...

चंद्रपूरहून उत्तरेकडे निघालेली गाडी भांदक, वरोरा मागे टाकते आणि थोड्याच वेळात हिंगणघाट येते. वेणा नदीच्या काठचे हे कापसाचे गाव. एके काळी इथल्या बनी कापसाचा मोठा लौकिक होता. प्रवासी खिडकीतून डोकावतात, कोणी चहा घेतो, कोणी पाण्याची बाटली भरून घेतो आणि गाडी पुढे निघते. याच गावी एका इंग्रजाची कबर आहे. तो इथल्या लढाईत पडलेला सेनापती नव्हता, इथला कलेक्टर नव्हता, की कापसाचा व्यापारीही नव्हता. तो पृथ्वी मोजायला निघाला होता. मद्रासजवळच्या एका माळरानावर त्याने पहिली साखळी टाकली ती १८०२ साली आणि त्याचा प्रवास संपला तो २० जानेवारी १८२३ रोजी, या हिंगणघाटात.

त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. एव्हरेस्ट हे नाव आपल्याकडे पहिली-दुसरीतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या एव्हरेस्टला ज्याच्या हाताखाली कामाला पाठवले, ज्याचे अर्धवट राहिलेले काम त्याने पुढे नेले, तो हा लॅम्बटन. शिष्याचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले. गुरू मात्र विदर्भाच्या काळ्या मातीत विसावला आणि विदर्भानेही त्याची फारशी दखल घेतली नाही.

बराकीतला गणिती

लॅम्बटनचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातला, नॉर्थअलर्टन गावाजवळचा. जन्मसालाची नोंद पक्की नाही. १७५३ च्या सुमाराचा असावा, असे मानतात. घरची स्थिती बेताची. गणितात बुद्धी चांगली चाले, पण नुसत्या बुद्धीवर पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. तो पलटणीत शिरला, अमेरिकेला गेला आणि पुढे कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक मुलखात बराकमास्तर होऊन बसला. शिपायांच्या राहण्याची, सरपणाची, अंथरुणा-पांघरुणाची व्यवस्था पाहणे हे त्याचे काम. या कामात त्याची सुमारे तेरा वर्षे गेली.

दुसरा कोणी असता तर त्या थंडीत, त्या एकांतात गंजून गेला असता. लॅम्बटनने मात्र गणिताची आणि ज्योतिषाची पुस्तके मिळवली आणि ती मन लावून वाचली. युरोपात त्या काळी एका प्रश्नाने विद्वानांना भंडावून सोडले होते. पृथ्वी गोल आहे हे ठरलेच होते, पण ती नेमकी कशी गोल? लिंबासारखी टोकांना निघालेली, की संत्र्यासारखी टोकांना दबलेली? न्यूटनने संत्र्याच्या बाजूने कौल दिला होता. अठराव्या शतकात फ्रेंचांनी दक्षिण अमेरिकेत आणि उत्तरेच्या लॅपलंडात मोहिमा धाडून न्यूटनचे म्हणणे खरे ठरवले. पण पृथ्वी नेमकी किती दबलेली आहे, याचा हिशेब अजून जुळत नव्हता. तो जुळवायला विषुववृत्ताच्या जवळच्या मुलखात एखादी लांबलचक मोजणी व्हायला हवी होती. बराकीतला हा माणूस ते सारे वाचत होता आणि संधीची वाट पाहत होता.

वयाची चाळिशी ओलांडल्यावर, १७९६ च्या सुमारास, त्याची पलटण हिंदुस्थानात असल्यामुळे तोही इकडे आला. पलटणीचा कर्नल होता आर्थर वेलस्ली. पुढे १८०३ साली असईच्या लढाईत मराठ्यांशी लढलेला आणि त्याहीपुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा, तोच हा वेलस्ली.

१७९९ साली टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणची मोहीम निघाली. एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात चालली होती. लॅम्बटनने सहज आकाशाकडे पाहिले आणि तो चपापला. तारे सांगत होते, की तुकडी उलट दिशेने, थेट टिपूच्या ठाण्यांकडे निघाली आहे. त्याने वर कळवले. होकायंत्र काढून पाहिले, तर ताऱ्यांचे म्हणणे खरे! ज्या पुस्तकी ज्ञानाची बराकीत कोणाला पर्वा नव्हती, त्याने त्या रात्री अनेकांचे प्राण वाचवले. मोहीम संपली, टिपू पडला, म्हैसूरचा मुलूख मोकळा झाला आणि लॅम्बटनने आपली योजना सरकारपुढे मांडली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत देश मोजायचा आणि जमले तर त्याबरोबर पृथ्वीचा आकारही.

एका साखळीची गोष्ट

मोजायला साधने हवीत. ती मिळाली त्याचीही एक गंमत आहे. इंग्लंडच्या राजाने चीनच्या बादशहाकडे १७९३ साली एक वकिलात पाठवली होती. तिच्याबरोबर नजराणा म्हणून शास्त्रीय उपकरणे होती. बादशहाला त्यांचे काही कौतुक वाटले नाही. नाकारलेली ती उपकरणे वकिलातीतल्या एका विद्वानाने कलकत्त्याला आणली. त्यांतच होती एक शंभर फुटांची पोलादी साखळी. बादशहाने नाकारलेली ही साखळी लॅम्बटनच्या हाती आली.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंट टेकडीजवळच्या सपाट जमिनीवर काम सुरू झाले. साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजायची होती. म्हणजे ती साखळी एकापुढे एक अशी सुमारे चारशे वेळा ताणून मांडायची. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळीवर सावली धरायची, शेजारी उष्णतामापक ठेवायचे आणि प्रत्येक वेळी तापमानाचा हिशेब करून लांबी दुरुस्त करायची. मद्रासच्या ऐन उन्हाळ्यात या साडेसात मैलांना सत्तावन्न दिवस लागले. घोड्यावर बसून गेले असते तर तासाभराचा रस्ता!

पण ही एक रेषा अचूक मिळाली, की पुढे साखळीचे काम फारसे उरत नाही. इथेच या साऱ्या उद्योगाचे मर्म आहे. ते समजून घ्यायला वाचकांनी थोडा वेळ बारावीच्या वर्गात येऊन बसावे.

अवघडाच्या जागी सोपे

ज्यांच्या घरी बारावी सायन्सला मूल आहे त्यांनी संकलनाची, म्हणजे इंटिग्रेशनची, वही पाहिली असेल. पानेच्या पाने भरलेली असतात आणि एका विशिष्ट जातीच्या उदाहरणाशी गाडी हटकून अडते. एकातून क्षचा वर्ग वजा करायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि ते मूळ छेदस्थानी ठेवून संकलन करायचे. दिसायला ओळभर, पण सरळ हल्ला केला तर डोके चालत नाही. मग शिक्षक फळ्यावर एक युक्ती लिहितात. क्षच्या जागी साइन थीटा घाला. म्हणजे लांबीच्या जागी कोन घाला. तसे करताच वर्गमूळ सुटते, वरचे आणि खालचे पद एकमेकांना कापते आणि उरतो नुसता थीटा. उत्तर इतके सोपे, की मुलाला खरे वाटत नाही. विद्यार्थी या युक्तीला सबस्टिट्यूशन म्हणतात. अवघड वस्तू बाजूला ठेवायची, तिच्या जागी सोपी वस्तू बसवायची, हिशेब उरकायचा आणि शेवटी पुन्हा मूळ वस्तूकडे यायचे.

परत येण्यासाठी एक उलटी शिडी लागते. कोन दिला तर त्याचा साइन काढता येतो. इथे साइन माहीत असतो आणि कोन शोधायचा असतो. या उलट्या क्रियेला व्यस्त त्रिकोणमितीय फल असे भारदस्त नाव आहे. नावाने घाबरायचे कारण नाही. आपल्या जुन्या ज्योतिषांना ही क्रिया चांगली परिचित होती. वर्तुळाची कमान म्हणजे चाप आणि तिची दोरी म्हणजे ज्या. चापावरून ज्या काढायची आणि ज्येवरून चाप काढायचा, हे दोन्ही हिशेब भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ग्रंथात आहेत. साइन हा शब्दच मुळी आपल्या ज्या किंवा जीवा या शब्दाचा अरबी आणि लॅटिन भाषांतून फिरून आलेला अवतार आहे. आणि वर दिलेल्या उदाहरणाचा अर्थही तोच. ते संकलन म्हणजे वर्तुळाच्या कमानीची लांबी. म्हणून तर त्याचे उत्तर कोन येते.

आता लॅम्बटनकडे वळू. त्याच्यापुढचा अवघड पदार्थ होता लांबी. शेकडो मैल रान, नद्या, डोंगर, भातखाचरे यांवरून साखळी ओढणे अशक्य. मग त्याने लांबीच्या जागी कोन बसवला. मोजलेल्या रेषेच्या दोन्ही टोकांवर उभे राहायचे आणि दूरच्या एका टेकडीवरचा झेंडा दुर्बिणीतून पाहून दोन कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन मिळाले, की उरलेल्या बाजू साइनच्या नियमाने कागदावर निघतात. त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. मग पुढची टेकडी, पुढचा त्रिकोण. वीस-तीस मैलांच्या बाजू अशा रीतीने एकही पाऊल न टाकता मोजल्या जातात. शेवटी पुन्हा एकदा जमिनीवर साखळी टाकून एक रेषा प्रत्यक्ष मोजायची आणि कागदावरचे उत्तर खरे आले की नाही ते ताडून पाहायचे. वर्गातले मूल कागदावर जे करते, तेच हा माणूस डोंगरमाथ्यांवरून करीत होता.

अर्ध्या टनाचे यंत्र

कोन मोजायचे यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लॅम्बटनचा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरीने घडवला होता. त्याचे आडवे वर्तुळ छत्तीस इंचांचे आणि वजन सुमारे अर्धा टन. तो जहाजाने येत असताना फ्रेंचांनी जहाज पकडले आणि यंत्र मॉरिशसला नेले. तिथल्या फ्रेंच गव्हर्नराला ते कशासाठी आहे हे कळले, तेव्हा त्याने ते अभिनंदनाच्या पत्रासह मद्रासला पाठवून दिले. दोन राष्ट्रे एकमेकांच्या उरावर बसली होती, तरी पृथ्वीच्या मोजमापाचा मान राखण्याइतके औदार्य त्या काळी शिल्लक होते.

एवढ्या अचूकतेची गरज काय, असे कोणी विचारील. तीस मैलांवरची टेकडी पाहताना कोनात एका विकलेची, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाची, चूक झाली तर टेकडीजवळ ती वीतभर होते. शंभर त्रिकोणांत अशा चुका साठत गेल्या तर साऱ्या श्रमांवर पाणी पडते.

१८०८ साली असेच पाणी पडायची वेळ आली होती. मुक्काम तंजावरचा. तिथे तेव्हा सरफोजीराजे भोसले गादीवर होते. सपाट मुलूख, झाडी दाट, टेकडी कुठे नाही. म्हणून मोठ्या मंदिराच्या उंच भागावर यंत्र चढवायचे ठरले. चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि ज्या वर्तुळावर अंशांच्या बारीक रेघा कोरल्या होत्या ते वाकडे झाले. मोठा खर्च करून आणलेले यंत्र निकामी झाले. लॅम्बटनने कोणावर आगपाखड केली नाही. सहा आठवडे तो यंत्र घेऊन तंबूत बसला. पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून त्याने ते वर्तुळ केसाकेसाने ओढत पूर्वीच्या आकारावर आणले. पुढे अनेक वर्षे त्याच यंत्राने मोजणी चालू राहिली.

या मोजणीने पहिला धक्का दिला तो नकाशा काढणाऱ्यांना. दक्षिण हिंदुस्थानची पूर्व-पश्चिम रुंदी जुन्या नकाशांत चारशे मैलांच्या घरात दाखवली होती. ती निघाली तीनशे साठच्या आसपास. कागदावरचा चाळीस मैलांचा मुलूख एका हिशेबाने नाहीसा झाला.

शंभर-सव्वाशे मीटरांसाठी

पण लॅम्बटनचा जीव अडकला होता तो दक्षिणोत्तर रेषेत. कन्याकुमारीपासून, अठ्ठ्याहत्तराव्या रेखावृत्ताच्या आसपास, सरळ उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी न्यायची. ठिकठिकाणी ताऱ्यांवरून अक्षांश काढायचे आणि एका अंशात जमिनीवर किती अंतर भरते ते पाहायचे. पृथ्वी चेंडूसारखी असेल तर प्रत्येक अंशाचे अंतर सारखेच यायला हवे. ती संत्र्यासारखी असेल तर उत्तरेकडे जाताना ते थोडे थोडे वाढत गेले पाहिजे.

किती वाढते, हे आज आपल्याला नीट माहीत आहे. कन्याकुमारीजवळ एक अंश सुमारे ११० किलोमीटर ५९५ मीटरांचा. हिंगणघाटजवळ तो सुमारे ११० किलोमीटर ७१० मीटरांचा. फरक शंभर-सव्वाशे मीटर! गावातल्या एका गल्लीची लांबी. एवढ्याशा फरकासाठी या माणसाने वीस वर्षे तंबूत काढली.

आणि या फरकापाशीच वर्गातली युक्तीही हात टेकते. चेंडूच्या कमानीचे संकलन साइन थीटा घातल्याबरोबर सुटते. कमान थोडी दबलेली, लंबवर्तुळाची असली, की तीच अदलाबदल करूनही वर्गमूळ जागचे हलत नाही. मोठमोठ्या गणित्यांनी या संकलनाशी झुंज घेतली. शेवटी १८३० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या लिऊव्हिल याने सिद्ध केले, की नेहमीच्या ओळखीच्या फलांत हे उत्तर मांडताच येत नाही. कसलीही चतुराई केली तरी नाही. मग करायचे काय? पृथ्वीचे दबलेपण फार थोडे आहे. त्यामुळे ते वर्गमूळ उलगडून पदांची एक माळ करता येते. पहिले पद मोठे, दुसरे बारीक, तिसरे त्याहून बारीक. दोन-चार पदे घेतली की कामापुरते उत्तर हाती येते. युक्ती संपली, की चिकाटी सुरू होते. लॅम्बटनच्या हिशेबनिसांनी गणकयंत्राशिवाय, लॉगॅरिथमच्या कोष्टकांवर हेच केले.

त्या हिशेबात आणखी एक नाजूक गोष्ट होती. शाळेत आपण शिकतो, की त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. ती सपाट कागदावर. पृथ्वीच्या वक्र पाठीवर काढलेल्या मोठ्या त्रिकोणात ही बेरीज किंचित जास्त भरते. दर दोनशे चौरस किलोमीटरांमागे साधारण एक विकला. म्हणजे टेकड्यांवरून कोन मोजता मोजता, ताऱ्यांकडे न बघताच, पृथ्वी वाकडी आहे हे कळत असे.

रानातला ताप आणि चांद्याचा किल्ला

१८१५ साली बीदरजवळ पायारेषा मोजून झाली. पुढे वऱ्हाड आणि नागपूरकरांचा मुलूख. हा मुलूख तोवर कंपनीच्या माणसांना मोकळा नव्हता. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि मे १८१८ मध्ये कंपनीच्या फौजेने वेढा घालून चांद्याचा किल्ला घेतला. आप्पासाहेब भोसल्यांचे राज्य नावापुरते उरले. मोजणीदाराचे झेंडे फौजेच्या झेंड्यांमागून येत होते, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. कंपनीला नकाशे हवे होते ते फौजा हलवायला आणि सारा वसूल करायला. टेकडीवर रोवलेले झेंडे आणि दुर्बिणी पाहून गावोगावच्या लोकांना संशय येई, तो काही अगदीच खुळा नव्हता. लॅम्बटन स्वतः मात्र या साऱ्यातून पृथ्वीच्या आकाराचे कोडे सोडवू पाहत होता. सत्तेचा पैसा आणि ज्ञानाची ओढ यांची ही जोडी इतिहासात पुष्कळदा दिसते. एकीचे ऋण मान्य करताना दुसरीकडे डोळेझाक करू नये.

१ जानेवारी १८१८ पासून या कामाला ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे असे नाव मिळाले आणि ते मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलकडे गेले. सत्तरीकडे झुकलेल्या लॅम्बटनच्या मदतीला तरुण जॉर्ज एव्हरेस्ट आला. हैदराबादेला तो पोहोचला तेव्हा त्याला आपला वरिष्ठ थकलेला दिसला. पण त्या मोठ्या यंत्रापाशी उभा राहिला, की म्हातारा वयाची झूल झटकून टाकी, असे एव्हरेस्टने पुढे नोंदवून ठेवले आहे.

रान म्हणजे काय, हे एव्हरेस्टला पहिल्याच कामात कळले. त्याला कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात पाठवले होते. त्याच सागवानी रानाचे गोदावरीपलीकडचे अंग म्हणजे सिरोंचा, आल्लापल्लीची आपली जंगले. दूरच्या टेकडीवरचा झेंडा स्पष्ट दिसायला हवा धुऊन निघालेली असावी लागते. ती असते पावसाळ्यात. उन्हाळ्यात धूळ आणि वणव्याचा धूर. म्हणून मोजणीदार नेमके पावसाळ्यात रानात शिरत. टेकडीवरची झाडे तोडून नजरेला वाट करायची आणि ओल्या तंबूंत राहायचे. गडचिरोलीकडच्या माणसाला पुढचे सांगायला नको. तापाने सारी छावणी अंथरुणाला खिळली. कित्येक माणसे दगावली आणि एव्हरेस्ट स्वतः इतका खचला, की प्रकृती सुधारण्यासाठी त्याला आफ्रिकेच्या टोकापर्यंत जावे लागले. ओझी वाहणारे, झाडे तोडणारे, झेंडे धरून टेकडीवर दिवस काढणारे देशी लोक मात्र कुठे जाणार? त्यांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत.

शेवटचा मुक्काम

लॅम्बटनचे काम तोवर युरोपात पोहोचले होते. १८१७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनेही त्याचा गौरव केला. त्रिकोणांची रेषा वऱ्हाडात एलिचपूरच्या बाजूला टाकळखेड्यापर्यंत आली होती. दीड लाख चौरस मैलांहून अधिक मुलूख त्रिकोणांच्या जाळ्यात आला होता. पुढचा पल्ला आग्र्याच्या दिशेचा. त्यासाठी मुख्य ठाणे हैदराबादेहून नागपूरला हलवायचे ठरले.

हा माणूस इंग्लंडला परत गेलाच नाही. त्याने रीतसर लग्न केले नव्हते. या देशातल्याच बायकामुलांचा त्याचा संसार होता आणि घर म्हणजे छावणी. वय सत्तरच्या जवळ, छातीत क्षय, खोकल्याची ढास. त्या वयात माणसे ओसरीवर बसून नातवंडांना गोष्टी सांगतात. हा बैलगाड्या आणि यंत्रे घेऊन नागपूरच्या वाटेला लागला. नागपूर काही मुक्कामांवर राहिले होते. हिंगणघाटी छावणी पडली आणि तिथेच, २० जानेवारी १८२३ रोजी, त्याने डोळे मिटले. एव्हरेस्ट त्या वेळी मुंबईच्या बाजूची त्रिकोणमाला करीत होता. बातमी पोहोचली आणि सारे काम त्याच्या शिरावर आले.

एव्हरेस्ट कडक स्वभावाचा आणि अचूकतेच्या बाबतीत गुरूहूनही हट्टी. त्याने नवी उपकरणे आणली आणि बीदरच्या उत्तरेचा भाग पुन्हा मोजून काढला. म्हणजे वऱ्हाडातली लॅम्बटनची अखेरची वर्षे एका अर्थी खोडून पुन्हा लिहिली गेली. गणितात हे असेच चालते. त्यात अपमान नसतो. १८४१ साली ही रेषा हिमालयाच्या पायथ्याला पोहोचली. कन्याकुमारीपासून सुमारे २४०० किलोमीटर. याच मोजणीचे धागे पुढे नेत १८५२ साली राधानाथ सिकदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातल्या पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची काढली. ती सर्वांत जास्त भरली आणि त्या शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. एव्हरेस्टने १८३० साली बसवलेला पृथ्वीचा आकार विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत भारताच्या नकाशांचा पाया होता. त्याच्या मुळाशी लॅम्बटनचे त्रिकोण होते.

आज कोणी मोजणीदार अर्धा टनाचे यंत्र डोंगरावर चढवीत नाही. खिशातला मोबाइल उपग्रहांना विचारतो आणि ताडोब्याच्या वाटेवर आपण नेमके कुठे आहोत ते सांगतो. पण तो हिशेबही पृथ्वी किंचित दबलेली आहे हे धरूनच होतो. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोलीत झाले. तेव्हापासून या दोन जिल्ह्यांतली मुले आपल्याच भागाच्या विद्यापीठात गणिताची पदवी घेतात आणि संकलनाची तीच उदाहरणे सोडवतात. या मुलांना परीक्षेआधी शिक्षक एक सूचना हमखास देतात. थीटा घालून उदाहरण सुटले म्हणून पेन खाली ठेवू नका. प्रश्न क्षमध्ये विचारला होता, तेव्हा उत्तर क्षमध्येच द्या. ती शेवटची ओळ राहिली तर गुण जातात.

लॅम्बटनच्या बाबतीत आपली शेवटची ओळ राहून गेली आहे. नकाशे घेतले, अंतरे घेतली, शिखराचे नाव घेतले. ज्याच्यापासून हे सुरू झाले त्याच्याकडे परत यायचे मात्र राहिले. ते ठिकाण फार लांबचे नाही. वरोऱ्याच्या थोडे पुढे, गाडी जिथे थांबते तिथेच ते आहे.